क्लॅरिनेटचे अगदी वरचे सूर सुरात कसे लावायचे: नव्यानं शिकणाऱ्यांसाठी पायरीवार

स्टाफच्या वर दोन जादा रेघा काढून जो सी लिहितात, तिथपर्यंत बहुतेकांचं बरं चाललेलं असतं. पुढचा सी-शार्प आला की खांदे वर जातात, दात आवळले जातात आणि शेजारचा वादक मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून आपल्याकडे बघतो. माझं हे चार वर्षं चाललं. मला वाटायचं, माझे ओठ कमजोर आहेत. म्हणून मी आणखी आवळायचो आणि सूर आणखी चढायचा. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला दातांची खूण कायम असायची, ती मी मेहनतीची खूण समजत होतो.

ओठांचा काही दोष नव्हता. जे काम हवेनं, जिभेनं, बोटांनी आणि कानानं वाटून घ्यायचं, ते मी एकट्या जबड्याकडून करून घेत होतो. ती वाटणी कशी करायची ते इथे सांगतो. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. रीड (माउथपीसवरची वेताची पातळ पट्टी) आणि ट्यूनर तपासायच्या आधीच बोटांचे तक्ते गोळा करत बसण्यात माझं एक वर्ष गेलंय.

इथलं सगळं बोएम पद्धतीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटला धरून आहे. ओहलर पद्धतीच्या जर्मन वाद्यावर बोटं वेगळी पडतात. सुरापुढचा आकडा सप्तकाचा समजा: नोटेशनमधला मधला सी म्हणजे सी ४. वेगळं सांगितलं नसेल तिथे सूर कागदावर लिहिलेला आहे, कानाला ऐकू येणारा नाही.

काय काय लागेल

- ट्यूनर. फोनवरचा चालेल, पण एकच सूर सलग वाजवत ठेवण्याची सोय त्यात हवी
- एकाच नंबरच्या तीन-चार रीड आणि अर्धा नंबर जाड अशी एखादी
- पातळ कागदाची पट्टी
- छोटा आरसा
- आवाज रेकॉर्ड करायला काहीही
- वही आणि पेन्सिल. पेन नको, कारण नोंदी खोडाव्या लागतात

१. ट्यूनर कोणत्या भाषेत बोलतोय ते बघा

बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर आपण जो सूर वाचतो, त्याच्यापेक्षा एक पूर्ण स्वर खालचा ऐकू येतो. म्हणजे तुम्ही ई वाजवलात की ट्यूनर डी दाखवतो. हे माहीत नसलं की नवा माणूस पहिल्याच दिवशी सूर वर ओढायला लागतो. बहुतेक ट्यूनरमध्ये वाद्याची पट्टी निवडता येते, तिथे बी-फ्लॅट निवडा. त्याचबरोबर ए चा आकडा ४४० आहे की ४४२ तेही बघून घ्या. नुसत्या त्या फरकानं सगळे सूर जवळजवळ ८ सेंटनी सरकतात. (एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट.)

वाद्य गरम झाल्याशिवाय ट्यूनर लावू नका. थंड क्लॅरिनेट उतरलेलंच वाजतं. ते पाहून तुम्ही जबडा आवळता, आणि वाद्य गरम झाल्यावरही जबडा तसाच राहतो.

२. दोष वाद्याचा की तुमचा, ते आधी ठरवा

वरचा जॉइंट सुटा करा, त्याची छिद्रं बोटांनी झाका, खालचं तोंड तळहातानं बंद करा आणि वरून हवा ओढा. ओढलेली हवा क्षणभर तरी धरून राहिली पाहिजे. लगेच सुटली तर कुठलं तरी पॅड गळतंय. अशा वाद्यावर तार सुरांचा रियाज म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. आधी दुरुस्ती करून घ्या.

पुढची पाळी रीडची. फार मऊ रीडवर वरचे सूर उतरतात आणि थरथरतात, जास्त हवा दिली की बसूनच जातात. फार जाड रीड हवा मागते, ती मिळाली नाही की माणूस चावायला लागतो. तुमची रीड या दोहोंमध्ये कुठे बसते, ते अर्धा नंबर जाड रीडवर तेच सूर वाजवून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि रीड बदलण्याआधी तिची जागा बदलून बघा. माउथपीसच्या टोकापेक्षा रीड केसभर वर घेतली की ती जाड असल्यासारखी वागते, केसभर खाली घेतली की मऊ. केसभर म्हणजे खरंच केसभर. माझे निम्मे उतरलेले सूर एवढ्यानंच जागेवर आले होते.

इथे एक सापळा आहे. सूर उतरतात म्हणून मी एकदा आखूड बॅरल (माउथपीसच्या खालचा छोटा तुकडा) विकत घेतलं. विकणाऱ्यानंही मोठ्या उत्साहानं ते गळ्यात मारलं. त्यानं मधल्या सप्तकातले आखूड नळीचे सूर, म्हणजे जी, ए आणि बी-फ्लॅट, इतके चढले की तेच ऐकवेनात. ई ६ होता तिथेच राहिला. बॅरल आत-बाहेर सरकवल्याचा सर्वांत जास्त परिणाम त्या आखूड नळीच्या सुरांवर होतो. एका वरच्या सुरासाठी अख्खं वाद्य हलवू नका.

३. माउथपीस तोंडात किती घ्यायचं

कागदाची पट्टी रीड आणि माउथपीस यांच्यामध्ये टोकाकडून सरकवा. ती जिथे अडकते, तिथे रीड माउथपीसला टेकते. रीडवर त्या जागी पेन्सिलीनं बारीक खूण करा. खालचा ओठ साधारण या खुणेच्या आसपास हवा. बहुतेक नवशिके त्याच्या बरेच अलीकडे, टोकाशी धरतात. मग रीडचं टोक दाबलं जातं आणि वरचे सूर चिंचोळे, चढलेले येतात.

मग फक्त माउथपीस आणि बॅरल जोडून भरपूर हवेनं वाजवा. सर्वसाधारण माउथपीसवर कानाला ऐकू येणारा एफ-शार्प ५, म्हणजे सुमारे ७४० हर्ट्झ, यायला हवा. या तपासणीपुरता ट्यूनर सी पट्टीवर ठेवा. सूर बराच वर येत असेल तर तुम्ही चावताय. बराच खाली असेल तर पकड ढिली आहे किंवा जीभ खाली पडली आहे. दोन मिनिटांचं काम आहे, रोज सुरुवातीला करा.

चावण्याची सवय पकडायची एक युक्ती: वरचा ओठसुद्धा दातांवर घेऊन वाजवा. दोन्ही ओठ दातांखाली असले की चावणं शक्यच होत नाही, दुखतं. अशा पकडीत तुमचा वरचा डी गायब झाला, तर आजवर तो दातांच्या जोरावर उभा होता हे नक्की. नेहमीच्या पकडीत परतल्यावर दाब जबड्यातून खालून वर देण्याऐवजी उजव्या अंगठ्यानं वाद्यच हलकेच वर, वरच्या दातांकडे ढकला. जबडा मोकळा राहतो.

४. सा, प, ग: खालून वर चढा

या पायरीवर महिना घालवा. बाकी सगळं घाईत केलंत तरी चालेल.

क्लॅरिनेट सरळ नळीचं आणि माउथपीसच्या बाजूनं बंद असल्यासारखं वागणारं वाद्य. त्यामुळे त्याच्या मूळ सुरावर विषम पटींचेच उपस्वर ठळक येतात: पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. आपल्या भाषेत मूळ सूर सा धरला तर तिसरा म्हणजे वरच्या सप्तकातला प, आणि पाचवा म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला ग. रजिस्टर की (मागची, डाव्या अंगठ्यानं दाबायची) दाबली की आपण सा वरून प वर जातो. डावी तर्जनी उचलली की प वरून ग वर. सी-शार्प ६ पासून एफ-शार्प ६ पर्यंतचे सूर म्हणजे खालच्या सुरांचे हे गंधारच.

व्यायाम असा. खालचा ए ३ लांब, भरदार वाजवा. हवा न थांबवता, ओठ न हलवता रजिस्टर की दाबा: ई ५ येईल. तीच हवा चालू ठेवून डावी तर्जनी उचला: सी-शार्प ६. मग तसेच उलटे खाली या. एका सूत्रात सहा चढण्या करायच्या:

- ए ३, ई ५, सी-शार्प ६
- बी-फ्लॅट ३, एफ ५, डी ६
- बी ३, एफ-शार्प ५, ई-फ्लॅट ६
- सी ४, जी ५, ई ६
- सी-शार्प ४, जी-शार्प ५, एफ ६
- डी ४, ए ५, एफ-शार्प ६

उजवी करंगळी मुद्दामच वापरायची नाही. इथे सूर नेमका लागला पाहिजे असा हट्टही नाही. तुमचे ओठ काही करत नाहीत ना, एवढंच आरशात बघत राहा. हनुवटी सपाट हवी. तिसऱ्या सुराला हनुवटी गोळा होऊन वर आली, तर परत ए ३ पासून.

तर्जनी उचलताना ती वाद्यापासून दूर फेकू नका. छिद्रावरून किंचित खाली लोटल्यासारखी करा, म्हणजे छिद्र थोडंसंच उघडेल. सी-शार्प आणि डी अशा अर्धवट छिद्रानं जास्त मऊ येतात, आणि बांधून वाजवताना मध्ये उडी ऐकू येत नाही.

आता गंमत बघा. तानपुरा नीट लागला की तारांमधून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तोही हाच पाचवा उपस्वर. ट्यूनरवर मोजलात तर पियानोच्या तिसऱ्यापेक्षा तो १४ सेंटनी उतरलेला भरतो. क्लॅरिनेटचे हे वरचे सूर गणितानं तसेच किंचित उतरलेले यायला हवेत. पण तर्जनीचं उघडं छिद्र प्रत्येक सुरासाठी अचूक जागेवर असू शकत नाही. एकाच छिद्रावर सहा सूर भागवायचे असतात. त्यामुळे ते त्यांना आपल्या परीनं वर ढकलतं. या ओढाताणीत कोणता सूर चढतो आणि कोणता उतरतो, हे वाद्या-वाद्यावर बदलतं. दुसऱ्याचा तक्ता आपल्याला तंतोतंत लागू पडत नाही तो याचमुळे.

५. जीभ कुठे आहे?

तोंडातल्या तोंडात "ऑ" म्हणा, मग "ई" म्हणा. जिभेचा मागचा भाग वर, दाढांना टेकल्यासारखा झाला ना? वरच्या सुरांना ती जागा हवी. काही शिक्षक "शी" म्हणायला सांगतात, काही "खी". मला स्वतःला गरम चहावर फुंकर घालताना होतो तसा चिंचोळा पण वेगवान झोत, एवढं आठवलं की पुरतं. हवा जास्त नको, वेगात हवी.

जिभेचा सुरावर किती ताबा असतो ते पाहायला वरचा सी ६ धरा (फक्त डावा अंगठा आणि रजिस्टर की). जबडा अजिबात न हलवता जीभ "ई" वरून हळूहळू "ऑ" कडे न्या. सूर घसरायला लागेल, सरावानं अर्धा स्वर सहज खाली जातो. मग तसाच परत वर आणा. पहिले काही दिवस काहीच होत नाही, आणि मग एका दिवशी सूर अचानक मांजरासारखा कण्हत खाली येतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

यातून एक कामाची गोष्ट लक्षात येईल: वरचा सूर खाली आणणं सोपं, वर ढकलणं फार अवघड. म्हणून पुढच्या पायरीत बोटं निवडताना किंचित चढी पडणारी निवडा, उतरलेली नको. चढा सूर जिभेनं उतरवता येतो. उतरलेल्या सुरासाठी शेवटी दातच पुढे येतात.

६. बोटं, आणि ती विसरलेली करंगळी

नेहमीची बोटं अशी. सगळीकडे डावा अंगठा आणि रजिस्टर की आहेच, डावी तर्जनी उघडी.

- सी-शार्प ६: डावं मधलं बोट, अनामिका, उजवी तर्जनी, मधलं
- डी ६: डावं मधलं, अनामिका, उजवी तर्जनी, उजव्या करंगळीची ई-फ्लॅट की
- ई-फ्लॅट ६: डावं मधलं, अनामिका, उजवं मधलं, ई-फ्लॅट की
- ई ६: डावं मधलं, अनामिका, ई-फ्लॅट की
- एफ ६: डावं मधलं, अनामिका, डाव्या करंगळीची सी-शार्प की, ई-फ्लॅट की
- एफ-शार्प ६: फक्त डावं मधलं, ई-फ्लॅट की

डी च्या पुढे प्रत्येक ओळीत ई-फ्लॅट की आहे ती पाहिलीत? ती सूर वर उचलते आणि पटकन बोलता करते. माझी ती कित्येक महिने राहूनच जायची. एकदा तालमीत मी ई ६ साठी जीव काढत होतो, तेव्हा शेजारच्या ज्येष्ठ वादकांनी वाद्य खाली न ठेवताच विचारलं, "अहो, करंगळी कुठंय तुमची?" करंगळी हवेत होती. ती कीवर ठेवली आणि इतके दिवस दातांनी ओढून आणत होतो तो सूर आयता येऊन बसला. वेगवान तानेत करंगळी गाळतात ते वेगळं. लांब धरलेल्या सुराला ती हवीच, आणि तुमच्या वाद्यावर एखादा सूर तिच्यामुळे फार चढत असेल तर तिथेच काढा.

जी ६ पासून वर एकेका सुराला अनेक बोटं आहेत, आणि त्यांतलं "खरं" कोणतं यावर वाद घालण्यात अर्थ नाही. वहीत चार रकाने करा: सूर, बोटं, हळू वाजवल्यावर किती सेंट, जोरात वाजवल्यावर किती सेंट. एका दिवशी एकच सूर घ्या. प्रत्येक बोटं तीनदा, मध्ये तोंडातून वाद्य काढून. तोंडातून न काढता लागोपाठ तीनदा वाजवलंत तर आधीच्या सुराच्या आठवणीनं तुम्ही नकळत दुरुस्त करता आणि नोंद खोटी होते.

७. डोळे मिटा

ट्यूनरकडे बघत सूर लावायचा नाही. डोळे मिटून लावा, स्थिर करा, मग उघडा. काट्यामागे धावणारा वादक काट्याच्या मागेच राहतो.

त्याहून उत्तम म्हणजे तानपुऱ्यासारखा एक सलग सूर चालू ठेवून त्याच्यावर वाजवणं. ई ६ वाजवायचा असेल तर तोच सूर एक-दोन सप्तकं खाली चालू ठेवा आणि आधी तो स्वतः गुणगुणा. त्या उंचीवर गाता येणार नाही, खालच्या सप्तकात गायलात तरी चालेल. मनात न ऐकलेला सूर तार सप्तकात लागत नाही. खाली तेवढ्याच हवेनं, तेवढ्याच बोटांनी काही तरी निघतं. इथे त्याच बोटांवर शेजारचा भलताच सूर फुटतो.

सोबतीला दुसरा क्लॅरिनेटवाला असेल तर दोघांनी एकच वरचा सूर धरा. किंचित फरक असला तर आवाजात लाटा ऐकू येतात, आणि सेकंदाला जितक्या लाटा तितक्या हर्ट्झचा फरक. लिहिलेला जी ६ ऐकू येतो सुमारे १३९७ हर्ट्झवर. तिथे १० सेंटचा फरक म्हणजे सेकंदाला आठ लाटा. खालच्या सप्तकात तेवढाच फरक खपून जातो, इथे खोलीभर खडखडतो. छोट्या खोलीत असं फार वेळ करू नका, आणि इअरप्लग वापरा.

समूहात ट्यूनरचा शून्य नेहमीच बरोबर नसतो, हेही ध्यानात असू द्या. तुमचा सूर त्या कॉर्डमधला गंधार असेल तर काट्याच्या किंचित खालीच तो गोड लागतो. कॉर्डमध्ये आपण कोण आहोत, हे तालमीतच विचारून ठेवा.

८. हळू आणि जोरात

क्लॅरिनेट जोरात वाजवलं की उतरतं, हळू वाजवलं की चढतं. बासरीचं नेमकं उलट. त्यामुळे दोघांनी मिळून वरचा सूर हळूहळू विझवायचा असतो, तेव्हा ते एकमेकांपासून दूर पळतात. ई ६ आठ मात्रा धरा, चार मात्रा वाढवत आणि चार विझवत. रेकॉर्ड करा. शेवटच्या दोन मात्रांत सूर वर गेला असेल तर आवाज कमी करताना तुम्ही हवेबरोबर तोंडही मिटवताय. आवाज कमी करायचा तो हवेचं प्रमाण घटवून, तिचा वेग तसाच ठेवून. हे बोलायला सोपं आहे. मला अजून दर वेळी जमत नाही, म्हणून शेवटच्या मात्रांना मी किंचित उतरणारी दुसरी बोटं वापरतो. त्याला लबाडी म्हणणारेही आहेत.

सुरुवातीला दिवसाला दहा मिनिटं पुरे. ओठ थकले की जबडा मदतीला येतो आणि आपण रियाज म्हणून नेमकी चुकीची सवय घोटत बसतो.

ऐन कार्यक्रमात सूर चुकला तर

आवळू नका. नव्या वादकाचा वरचा सूर चुकला तर तो बहुधा चढलेलाच असतो, म्हणून जबडा कणभर सोडा. त्यानं आणखी बिघडलं तर सूर उतरलेला होता, मग परत "ई" कडे या. आणि पुढच्याच ओळीत जी ६ आहे, तो आज बोलत नाहीये आणि शेजारचा वादक तोच सूर धरणार आहे असं असेल, तर त्याला डोळ्यांनी खूण करून तुम्ही एक सप्तक खाली वाजवा. मी हे दोनदा केलंय. दोन्ही वेळा कार्यक्रमानंतर कोणी काही बोललं नाही.